वाळवंटातली वीज आणि सह्याद्रीचा उतार

सांगली जिल्ह्याच्या जत, आटपाडी किंवा कवठेमहांकाळ तालुक्यातल्या शेतकऱ्याची झोप शेतीपंपाची वीज दिवसा आहे की रात्री यावर ठरते. रात्रीची पाळी असली, की हातात बॅटरी आणि काठी घेऊन तो दारे धरायला निघतो, विहिरीवरच्या पेटीतला स्टार्टर दाबतो आणि साप-विंचवाच्या धास्तीने पाऊल जपून टाकत पहाटेपर्यंत सरीतून पाणी फिरवतो. देशाची सौरऊर्जा क्षमता २०२५ च्या सुरुवातीलाच १०० गिगावॅटच्या पुढे गेली असून भर दुपारी ग्रिडमध्ये सौरविजेचा पूर येऊ लागला आहे. मागणी मात्र सूर्य मावळल्यावर, घरोघरी दिवे लागतात तेव्हा चढते. सौरऊर्जेचा सगळ्यात अवघड प्रश्न या चार-पाच तासांच्या अंतरात आहे, आणि त्याच्या उत्तराचा बराचसा भाग सातारा-सांगलीच्या भूगोलात आहे, असे मला वाटते.

आधी वाळवंटाकडे पाहू. राजस्थानात फलोदीजवळ भडला येथे सुमारे १४ हजार एकरांवर २,२४५ मेगावॅट क्षमतेचे सौर उद्यान उभे आहे. पडीक सपाट जमीन, विरळ वस्ती आणि वर्षातले बहुतेक दिवस निरभ्र आकाश यांमुळे ही जागा निवडली गेली. पण जास्त ऊन म्हणजे जास्त वीज, हे गणित पूर्णपणे खरे नाही. सिलिकॉनच्या पॅनेलची क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमान धरून सांगितलेली असते, आणि त्यापुढे प्रत्येक अंशामागे तिचे उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. मे महिन्यातल्या दुपारी पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले, तर सातव्या हिश्श्याइतकी वीज तिथेच कमी होते. त्यात धूळ बसते, आणि ती धुवायला वाळवंटात पाणी नसल्याने कोरडे ब्रश फिरवणारी यंत्रे वापरावी लागतात. याच माळरानांवर माळढोक पक्षी शेवटचा आधार शोधत आहे, आणि उच्चदाबाच्या तारांवर आदळून तो मरतो. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या हानीची किंमत वेगळी सांगायला नको.

ही ऊर्जा साठवायची कशी? मोरोक्कोत वारझाझातजवळ आणि स्पेनमध्ये सेव्हिलजवळ आरशांनी ऊन उंच मनोऱ्यावर एकवटून क्षार तापवतात. सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम नायट्रेट यांचे हे वितळलेले मिश्रण सुमारे २९० अंशांवरून ५६५ अंशांपर्यंत तापवून मोठ्या टाक्यांत साठवले जाते, आणि सूर्य मावळल्यावर त्याच्या उष्णतेने वाफ करून जनित्र फिरवले जाते. सेव्हिलजवळच्या २०११ सालच्या जेमासोलर प्रकल्पात असा साठा १५ तास पुरतो. मात्र आरशांना थेट, न विखुरलेले ऊन लागते. आपल्याकडच्या धुळकट, दमट हवेत बरेचसे ऊन विखुरलेले असते. पॅनेल त्यातूनही वीज काढते, आरशांना ते जमत नाही.

लिथियम बॅटऱ्या स्वस्त होत आहेत, पण दिवसरात्र अखंड वीज हवी असेल तर किती लागतील, हे अबुधाबीत जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या प्रकल्पावरून कळते. तिथे अहोरात्र १ गिगावॅट वीज देण्यासाठी ५.२ गिगावॅटची पॅनेल आणि १ कोटी ९० लाख युनिट साठवणाऱ्या बॅटऱ्या योजल्या आहेत.

तिसरा मार्ग पाण्याचा आहे, आणि तो आपल्या परिचयाचा आहे. हजार लिटर पाणी ३६७ मीटर उंच चढवले, की त्यात बरोबर एक युनिट ऊर्जा साठते. कोयनेचे पाणी घाटाखालच्या पोफळीच्या वीजगृहाकडे सुमारे पावणेपाचशे मीटर खाली उतरते, म्हणून यंत्रांतली घट वजा जाता एका घनमीटरमागे सव्वा युनिटला थोडी कमी वीज हाती येते. संध्याकाळचे पाच तास १,००० मेगावॅट वीज द्यायची, तर ५० लाख युनिट लागतील; त्यासाठी सुमारे ४३ लाख घनमीटर, म्हणजे ०.१५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पुरते. कोयना धरणाची साठवण १०५ टीएमसी आहे. शिवाय जलविद्युत संच काही मिनिटांत पूर्ण भारावर येतो, त्यामुळे १,९६० मेगावॅटचा कोयना प्रकल्प संध्याकाळची चढती मागणी आजही सांभाळतो.

अडचण अशी, की वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला सोडलेले पाणी वाशिष्ठी नदीतून समुद्राला मिळते आणि कृष्णाकाठ त्याला कायमचा मुकतो. घाटमाथ्यावर एक आणि पायथ्याला एक असे दोन तलाव बांधून दुपारच्या सौरविजेने तेच पाणी पुन्हा वर चढवले, तर बाष्पीभवनाची तूट सोडता नवे पाणी लागत नाही. शंभर युनिट खर्चून पंचाहत्तर ते ऐंशी परत मिळतात. राज्यात घाटघरला २५० मेगावॅटचा असा प्रकल्प चालू आहे. सह्याद्रीचा हा सरळ कडा राजस्थानजवळ नाही, म्हणून थरच्या वाळवंटातली वीज अकराशे किलोमीटरहून अधिक अंतर तारांतून आणून इथे साठवणे अव्यवहार्य ठरत नाही; उच्चदाबाच्या एकदिश प्रवाहाच्या (डीसी) वाहिनीत हजार किलोमीटरला साधारण तीन टक्केच घट होते.

पण त्याहूनही स्वस्त साठवण आपल्या दाराशी आहे. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा योजना कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने दुष्काळी भागात चढवतात, आणि त्यांच्या वीजबिलाचा प्रश्न दरवर्षी पुन्हा उभा राहतो. त्यांची उन्हाळी आवर्तने, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळ्या, फेब्रुवारी ते मे या काळात असतात, म्हणजे सौरवीज सर्वांत जास्त असते तेव्हाच. पंप केवळ दिवसा चालवायचे, तर रात्री टप्प्यांमधले कालवे रिकामे होऊन सकाळचे पहिले तास ते भरण्यातच जातात. म्हणून प्रत्येक टप्प्यावर एका रात्रीपुरते पाणी धरून ठेवणारा संतुलन तलाव हवा, आणि दिवसाच्या आठ तासांत चोवीस तासांचे पाणी उचलायचे म्हणून पंपांची क्षमता तिप्पट हवी. हा खर्च मोठा आहे, पण तो एकदाच करायचा आहे. रात्रीच्या महाग विजेचे बिल मात्र दर आवर्तनाला भरावे लागते.