पार्श्वभूमी : मिनेसोटात गुलाब जमिनीत का निजवतात

पुण्या-नाशिककडे ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी होते, त्याच सुमारास अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातले हौशी बागवान आपले गुलाब मातीआड करायला घेतात. तेथे त्या वेळी छाटणी केली, तर निघालेले कोवळे फुटवे पहिल्याच कडक थंडीत करपतात.

या अडचणीचे मूळ गुलाबाच्या वंशात आहे. युरोपातील बहुतेक जुने गुलाब वर्षातून एकदाच फुलत आणि हिवाळाभर स्वस्थ राहत. अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधून पुन्हा पुन्हा फुलणारे गुलाब तिकडे गेले आणि त्यांच्या संकरांतून 1867 सालचा 'ला फ्रान्स' हा वाण व पुढे हायब्रिड टी हा गुलाबांचा वर्ग घडला. बहर लांबला, पण थंडीपूर्वी वाढ थांबवून काड्या पक्क्या करण्याचा गुण क्षीण झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर 'पीस'सारख्या वाणांनी अमेरिकेतील घरगुती बागा भरल्या, तेव्हा उणे 30 अंश सेल्सिअसपर्यंत उतरणाऱ्या मिनेसोटात हा प्रश्न तीव्र झाला.

विसाव्या शतकाच्या मध्याला तेथल्याच बागवानांनी 'मिनेसोटा टिप' ही रीत बसवली. येथे 'टिप' म्हणजे सूचना नव्हे, तर कलंडवणे. काड्या सुतळीने बांधायच्या, झुडपाच्या उंचीइतक्या लांबीचा चर खणायचा, बुंध्याभोवतीची माती दाताळ्याने सैल करायची आणि झुडूप हळूहळू चरात आडवे करायचे. वाक मुळांत पडला पाहिजे. खोडात पडला तर डोळा भरलेल्या जागीच, म्हणजे कलमाच्या गाठीशी, ते मोडते. वर माती आणि नंतर पालापाचोळ्याचा जाड थर देऊन झुडूप एप्रिलपर्यंत तसेच ठेवायचे. हे काम कंबर मोडणारे आहे खरे, परंतु नाजूक वाणांच्या काड्या इतक्या खात्रीने वाचवणारी दुसरी रीत क्वचितच सापडेल.

सर्वाधिक वाद झाला तो कलमाच्या गाठीवरून. रोपवाटिकेतील गुलाब बहुधा दुसऱ्याच गुलाबाच्या खुंटावर, म्हणजे मुळांसकटच्या बुडख्यावर, डोळा भरून केलेला असतो. उबदार प्रदेशांत गाठ मातीच्या वर ठेवावी असे सांगितले जाई, कारण ती उघडी राहिली की नवे फुटवे जोमाने येतात आणि खुंटाचे रानटी फुटवे वेळीच दिसतात. थंड प्रदेशांतील पुष्कळ अनुभवी बागवान मात्र गाठ पाच ते दहा सेंटिमीटर खाली गाडण्याच्या मताचे आहेत. माझ्या मते त्यांचीच बाजू बळकट आहे : काड्या मेल्या तरी गाठ जिवंत राहिल्यास त्याच वाणाचा फुटवा येतो, आणि गाठ मेली तर फक्त खुंट वाचतो. पिवळ्या गुलाबाच्या जागी वसंतानंतर गडद लाल फुले दिसू लागली, तर ती अनेकदा 'डॉ. ह्यूई' या अमेरिकेत रूढ असलेल्या खुंटाची असतात.

'हिवाळी संरक्षण' हा शब्दही दिशाभूल करतो, कारण उद्देश झुडपाला ऊब देण्याचा नसून त्याला एकसारखे थंड ठेवण्याचा असतो. गोठणे आणि वितळणे आलटून पालटून झाले की काड्यांची हानी वाढते. म्हणूनच थर्माकोलच्या टोप्या सोयीच्या वाटल्या तरी जानेवारीतल्या लख्ख उन्हात आतून तापतात, आणि त्या बसाव्यात म्हणून काड्याही आखूड कापाव्या लागतात.

1960 च्या दशकापासून कॅनडातील सरकारी संशोधकांनी वाणच काटक करण्याचा मार्ग धरला. 'जॉन कॅबट' आणि 'विल्यम बॅफिन' हे त्याचे फळ. असे गुलाब स्वतःच्या मुळांवर वाढवले की गाठीचा प्रश्नच उरत नाही. 2000 साली आलेल्या 'नॉक आउट' या वाणाने कमी निगराणीच्या गुलाबांची मागणी आणखी वाढवली.

अमेरिकेचा थंडीच्या विभागांचा, म्हणजे कुठे किती थंडी पडते त्यानुसार देशाचे विभाग पाडणारा, नकाशा 2023 साली सुधारला गेला, तेव्हा देशाचा जवळपास अर्धा भाग अर्ध्या विभागाइतका अधिक उबदार ठरला. त्यावर विसंबून चर खणणे सोडणे मला घाईचे वाटते, कारण तो नकाशा वर्षातील नीचतम तापमानांची सरासरी दाखवतो, आणि बर्फाचे पांघरूण नसताना आलेली एक कडाक्याची रात्र त्या सरासरीपेक्षा पुष्कळ खाली जाऊ शकते.