रक्ताची बाटली कुणाच्या हातून येते?

मे २०२२मध्ये नागपूरमधून बातमी आली. थॅलेसेमिया हा जन्मजात रक्ताचा आजार असलेल्या चार मुलांना रक्त चढवल्यानंतर एचआयव्हीची लागण झाली होती आणि त्यातले एक मूल दगावले होते. त्याआधी सप्टेंबर २०११मध्ये गुजरातेतल्या जुनागढमध्ये अशी तेवीस मुले सापडली होती. ऑक्टोबर २०२५मध्ये झारखंडमधल्या चाईबासात पुन्हा तेच घडले. तिन्ही ठिकाणी बळी थॅलेसेमियाचीच मुले, हा योगायोग नव्हे. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचा तीव्र प्रकार, असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. तीन आठवड्यांचा हिशेब धरला तरी वर्षाला सतरा पिशव्या होतात, म्हणजे दहाव्या वाढदिवसापर्यंत दीडशेच्या वर. दीडशे अनोळखी माणसांच्या खरेपणावर ते मूल जगत असते. रक्तव्यवस्थेत कुठे फट असेल, तर ती आधी या मुलांच्या अंगावर उघडी पडते.

प्रत्येक पिशवी तपासलेली असते. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, गुप्तरोग (सिफिलिस) आणि मलेरिया या पाच चाचण्या कायद्यानेच बंधनकारक आहेत. मग तपासलेल्या रक्तातून रोग येतो कसा? उत्तरासाठी प्रयोगशाळेच्या आधी रक्त देणाऱ्या माणसाकडे पाहावे लागते, आणि त्यासाठी बरेच मागे जावे लागते.

भारतात रक्तपेढ्या सुरू झाल्या त्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, कोलकात्यात. युद्ध संपले, शस्त्रक्रिया वाढल्या, पण स्वतःहून रक्त देणारे मिळेनात. मुंबईत लीला मूळगावकर यांनी १९५४मध्ये स्वेच्छा रक्तदानाची चळवळ उभी केली. रक्त दिल्याने माणूस कायमचा अशक्त होतो असे सुशिक्षितही मानत होते, त्या काळातली ही गोष्ट. पुढे १९७५पासून १ ऑक्टोबर हा राष्ट्रीय स्वेच्छा रक्तदान दिन म्हणून पाळला जाऊ लागला. तरीही गरज मोठी आणि दाते थोडे. ही दरी पैशाने भरली गेली.

रक्त विकणारे कोण होते? हातावर पोट असलेले मजूर, रिक्षा ओढणारे, व्यसनात अडकलेले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण ज्याचे आजचे जेवण त्या एका बाटलीवर अवलंबून आहे, तो ‘मला मागच्या वर्षी कावीळ झाली होती’ असे कशाला सांगेल? पोटाची गरज त्याला गप्प बसवणार, हे उघड आहे. मला वाटते, रक्ताच्या सुरक्षिततेचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो: या माणसाला खरे बोलणे परवडते का?

याचा पुरावा अमेरिकेत मिळाला. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हार्वे आल्टर हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांचा पाठपुरावा करत होते. १९७०च्या आधी रक्त घेतलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांना यकृतदाह (हिपॅटायटिस) होत असे. त्या वर्षी विकतचे रक्त बंद करून फक्त स्वेच्छा दात्यांचे रक्त वापरायला सुरुवात झाली आणि जोडीला हिपॅटायटिस बीची चाचणी आली. प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास उतरले. तेव्हाची ती चाचणी फारशी तीक्ष्ण नव्हती, त्यामुळे या घटीत मोठा वाटा दाते बदलण्याचा होता. उरलेल्या यकृतदाहामागचा विषाणू, म्हणजे हिपॅटायटिस सी, १९८९मध्ये ओळखला गेला. आल्टर यांना त्या कामासाठी २०२०चे नोबेल विभागून मिळाले. भारतात या विषाणूची चाचणी सक्तीची व्हायला २००१ साल उजाडले. मधल्या बारा वर्षांत किती जणांच्या यकृतात तो शांतपणे जाऊन बसला असेल, या विचाराने मन अस्वस्थ होते.

दरम्यान एचआयव्ही येऊन पोचला होता. १९८६मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन, माहेरच्या गायतोंडे, आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी भारतातले पहिले बाधित नमुने शोधले. तीनच वर्षांनी पुण्याची पाळी आली. पुण्यात पैसे घेऊन प्लाझ्मा देणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचा उद्रेक झाल्याचे तिथल्या संशोधकांनी १९८९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून जगासमोर मांडले.

प्लाझ्मा काढण्याची पद्धत इथे समजून घ्यायला हवी. दात्याचे रक्त काढतात, त्यातला पिवळसर द्रव वेगळा करतात आणि लाल पेशी त्याच दात्याच्या शरीरात परत सोडतात. लाल पेशी परत मिळाल्याने माणूस थोड्या दिवसांत पुन्हा देऊ शकतो, म्हणजे पुन्हा विकू शकतो. पण रक्त बाहेर येऊन परत आत जाते, तेव्हा साधने स्वच्छ नसतील किंवा पेशींची सरमिसळ झाली तर रोग थेट दात्यांमध्येच पसरतो. चीनच्या हनान प्रांतात नव्वदच्या दशकात हेच प्रचंड प्रमाणावर झाले. अनेकांच्या लाल पेशी एकत्र करून परत दिल्या गेल्या आणि गावेच्या गावे बाधित झाली. ‘रक्तदात्याला धोका नसतो’ हे वाक्य आपण शिबिरात ऐकतो. निर्जंतुक, एकदाच वापरायची सुई आणि पिशवी असल्यामुळे आज ते खरे आहे. ते खरे ठरावे म्हणून काय मोजावे लागले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

१९८९मध्येच भारतात रक्ताची एचआयव्ही चाचणी बंधनकारक झाली. पण नियम पाळायला आधी रक्तपेढी कायद्याच्या कक्षेत हवी ना? केंद्र सरकारच्या सांगण्यावरून १९९०मध्ये फर्ग्युसन कंपनीने देशभर पाहणी केली. एकूण १,०१८ रक्तपेढ्यांपैकी ६१६ विनापरवाना चालत होत्या. रक्त विकणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी म्हणजे जेमतेम हिमोग्लोबिन पाहणे. याच पाहणीचा आधार घेऊन एच. डी. शौरी यांची ‘कॉमन कॉज’ ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल लागला. राष्ट्रीय आणि राज्य रक्तसंक्रमण परिषदा स्थापन करा, परवान्याशिवाय एकही पेढी चालू देऊ नका आणि दोन वर्षांत धंदेवाईक रक्तदाते हद्दपार करा, असे आदेश झाले. १ जानेवारी १९९८पासून देशात रक्त विकणे बंद झाले. सार्वजनिक आरोग्याच्या बाबतीत इतका परिणाम करणारे निकाल आपल्याकडे थोडेच असतील.

पैसा दारातून गेला, पण दबाव मागच्या दाराने आला. ‘रक्त हवे तर बदली माणूस आणा’ ही पद्धत त्यानंतरही रुळलेली राहिली. आतल्या खोलीत बहीण बाळंतपणात रक्तस्रावाने अडली आहे, बाहेर सासर-माहेरचे दहा जण बसले आहेत, अशा वेळी एखादा तरुण ‘मी देऊ शकत नाही’ असे कसे म्हणेल? म्हटले तर कारण सांगावे लागते. तो गप्प राहतो आणि खुर्चीवर जाऊन बसतो. जुना रक्तविक्रेताही भाचा किंवा मावसभाऊ बनून याच रांगेत उभा राहू शकतो.

महाराष्ट्राने या बाबतीत वेगळी वाट धरली याचा अभिमान वाटतो. गणेश मंडळे, शिवजयंती, महाविद्यालयांतली राष्ट्रीय सेवा योजना, नेत्यांचे वाढदिवस अशा कितीतरी निमित्तांनी इथे शिबिरे होतात आणि स्वेच्छा रक्तसंकलनात राज्य देशात आघाडीवर आहे. पण शिबिराच्या टेबलावर हेल्मेट, डबा, ट्रॉली बॅग ठेवलेली दिसते तेव्हा मला जुनी बाटली आठवते. रोख रकमेऐवजी वस्तू आली, एवढाच फरक. दुसरी अडचण प्रश्नावलीची. अलीकडे झालेली कावीळ, टॅटू, ताप, असुरक्षित संबंध यांविषयीचे प्रश्न एकांतात विचारायचे असतात. मंडपात पन्नास जणांच्या रांगेत, मित्र खांद्यावरून डोकावत असताना, ‘नाही, नाही, नाही’ अशा खुणा पटापट होतात. आणि काही जण फुकट एचआयव्ही चाचणी होईल म्हणून रक्त देतात. त्यासाठी सरकारी रुग्णालयांत मोफत, गोपनीय चाचणीची सोय आहे हे प्रत्येक शिबिरात मोठ्या अक्षरांत लिहायला हवे.

कारण फुकट चाचणीसाठी रक्त देणारा हाच माणूस चाचणीतून निसटण्याची शक्यता सर्वांत जास्त. विषाणू शरीरात शिरल्यापासून चाचणीत दिसेपर्यंत जो काळ जातो त्याला विंडो पिरियड म्हणतात. प्रतिपिंडे शोधणाऱ्या एलायझाला एचआयव्ही साधारण तीन आठवडे दिसत नाही. विषाणूचे जनुकीय द्रव्यच शोधणारी नॅट चाचणी हा काळ दहा-अकरा दिवसांवर आणते, शून्यावर आणत नाही. शिवाय एका पिशवीचे लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट असे भाग करतात, त्यामुळे एक चूक तिघांपर्यंत जाऊ शकते. नॅट महाग आहे आणि देशभर सक्तीची नाही. माहिती अधिकारात २०१६मध्ये मिळालेल्या आकड्यानुसार, आधीच्या सतरा महिन्यांत २,२३४ बाधितांनी रक्त घेतल्यातून लागण झाल्याचे सांगितले होते. ही रुग्णांनी स्वतः दिलेली माहिती होती, प्रत्येक बाबतीत सिद्ध झालेली नव्हती, हे नमूद करायला हवे. तरी आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

कुणाला रक्त देऊ द्यावे हा वादही यातूनच उभा राहिला. रक्तदाते निवडण्यासाठीच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तृतीयपंथी, समलैंगिक पुरुष आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया यांना सरसकट वगळले. २०२१मध्ये तृतीयपंथी कार्यकर्त्या थांगजाम सांता सिंग यांनी त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. ब्रिटनने २०२१मध्ये आणि अमेरिकेने २०२३मध्ये गटाऐवजी प्रत्येक दात्याच्या वर्तनाविषयी प्रश्न विचारायला सुरुवात केली. मला ती दिशा योग्य वाटते, पण एका अटीवर: तो प्रश्न खरोखर एकांतात, निवांतपणे विचारला जायला हवा.

आणि चूक झालीच तर ती शोधायची कशी? २००२मध्ये सीमेवरच्या लष्करी रुग्णालयात हवाई दलाच्या एका जवानाला एक युनिट रक्त दिले गेले. एचआयव्हीची बाधा झाल्याचे त्याला २०१४मध्ये कळले आणि सर्वोच्च न्यायालयाने १ कोटी ५४ लाखांची भरपाई दिली ती सप्टेंबर २०२३मध्ये. तिथे प्रश्न एका पिशवीचा होता. थॅलेसेमियाच्या मुलाच्या बाबतीत वेगवेगळ्या रक्तपेढ्यांतून आलेल्या प्रत्येक पिशवीचा क्रमांक काढायचा, त्या त्या दात्याला पुन्हा बोलवायचे, पुन्हा तपासायचे. शिबिराच्या फॉर्मवर फोन नंबर चुकीचा लिहिलेला असेल तर शोध तिथेच थांबतो.