रूट केलेला फोन आणि वादळाचा इशारा

मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरावरच्या मच्छीमारांसाठी भरतीच्या वेळा आणि वादळाचे इशारे देणारं मराठी अ‍ॅप बनवायचं, तर एक गोष्ट आधीच धरून चालावी: सगळे फोन कंपनीने पाठवले तसे राहिलेले नसतात. अपडेट बंद झाले की कुणी लिनिएजओएससारखी कस्टम रॉम, म्हणजे कंपनीबाहेर बनवलेली अँड्रॉइडची आवृत्ती टाकतो, कुणी मॅजिस्क या साधनाने फोन रूट करून, म्हणजे सिस्टिमवर पूर्ण ताबा मिळवून, तिचं वागणं बदलणारी छोटी जोडणी म्हणजे मॉड्यूल बसवतो. फोन त्यांचा, बदलायचा हक्कही त्यांचाच. तक्रार मात्र अ‍ॅप लिहिणाऱ्याकडे येते.

अँड्रॉइडमध्ये अ‍ॅप झायगोट नावाच्या मूळ प्रोसेसमधून सुरू होतं. अ‍ॅपचं वागणं बदलणारी मॉड्यूल चालवणारं, २०१२ साली आलेलं एक्सपोज्ड आणि त्याच धर्तीचं पुढचं एलएसपोज्ड नेमकं तिथेच शिरतं, म्हणून मॉड्यूलचा कोड तुमच्या अ‍ॅपच्या आतच चालतो. एखादं प्रायव्हसी मॉड्यूल लोकेशनऐवजी ‘नल’, म्हणजे रिकामं उत्तर परत देतं, अ‍ॅप कोसळतं, आणि क्रॅश रिपोर्ट तुमच्या नावावर जमा होतो. त्यामुळे कोड उसवण्याआधी स्टॅक ट्रेसमध्ये, म्हणजे क्रॅशच्या वेळी चालू असलेल्या फंक्शनच्या यादीत, एक्सपोज्डब्रिजच्या (एक्सपोज्डच्या स्वतःच्या कोडच्या) ओळी शोधाव्यात. रॉमवरच्या सहीची खूण सांगणाऱ्या बिल्ड टॅगमध्ये ‘टेस्ट-कीज’ दिसलं, तर रॉम बहुधा कंपनीची नाही. एक्सपोज्डब्रिजच्या ओळी नसल्या म्हणजे मॉड्यूल नाही, असं मात्र समजू नये. वापरकर्त्याला फोन सेफ मोडमध्ये सुरू करायला सांगावं. त्यात मॅजिस्कची मॉड्यूल बंद होतात आणि फोन पुन्हा नेहमीसारखा सुरू केल्यावरही बंदच राहतात; सेफ मोडमध्ये तुमचं अ‍ॅप चालत नाही, म्हणून ते त्यानंतर उघडून पाहावं. ती बंद केल्यावर क्रॅश थांबला, तर दोष कुठे आहे ते कळलं.

मराठी अ‍ॅपला सर्वांत जास्त छळतात ती फॉन्ट बदलणारी मॉड्यूल. कोणत्या लिपीसाठी कोणता फॉन्ट, याची यादी सिस्टिममधल्या एका एक्सएमएल फाइलमध्ये असते. मॉड्यूलने त्यातून देवनागरी उडवली की अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. बदली फॉन्टमध्ये जोडाक्षरांचे नियमच नसतील तर ‘समुद्र’मधला ‘द्र’ फुटून द्, र असा सुटा येतो. इशाऱ्याचा मजकूर असा दिसणं धोक्याचं आहे. नोटो सान्स देवनागरी अ‍ॅपसोबतच द्यावा. आकार काहीशे किलोबाइटने वाढेल, पण ही किंमत मोजायलाच हवी. सूचनांच्या पट्टीतला मजकूर तरीही सिस्टिमच्याच फॉन्टमध्ये येतो, म्हणून इशाऱ्याला ठळक चिन्हही जोडावं.

जाहिराती अडवण्यासाठी होस्ट्स फाइल (सर्व्हरच्या नावांचे पत्ते ठरवणारी यादी) बदललेली असते, तेव्हा अ‍ॅनॅलिटिक्सचा, म्हणजे वापराची आकडेवारी गोळा करणारा सर्व्हर सापडत नाही. सुरुवातीचा स्क्रीन त्या उत्तराची वाट पाहत असेल तर अ‍ॅप उघडतच नाही. ही विनंती मागे, वेगळी चालवावी.

पैशांच्या व्यवहाराचं अ‍ॅप प्ले इंटेग्रिटी ही गूगलची फोन-तपासणी वापरून असा बदललेला फोन नाकारतं, त्याला कारण आहे. भरतीच्या वेळा दाखवणाऱ्या अ‍ॅपने तसं करू नये.

गूगल प्ले सर्व्हिसेस नसलेल्या रॉमवर गूगलच्या फायरबेस सेवेची पुश सूचना (सर्व्हरने स्वतःहून पाठवलेली) पोचतच नाही. तिथे वर्कमॅनेजर या अँड्रॉइडच्या कामं ठरवून चालवणाऱ्या लायब्ररीने ठरावीक वेळाने सर्व्हरला विचारावं. त्याचं किमान अंतर १५ मिनिटं असतं, आणि बॅटरी वाचवताना फोन ते आणखी लांबवतो. म्हणून इशाऱ्याखाली ‘शेवटचं अपडेट’ची वेळ मोठ्या अक्षरांत द्यावी आणि माहिती ठरवलेल्या मर्यादेहून जुनी झाली की अ‍ॅपमधली ही पट्टी लाल करावी.