पत्री पायात ठोकली नव्हती

सांगली जिल्ह्यात कुंडल-वाळव्याकडे अजून सांगतात, की क्रांतिसिंह नाना पाटलांच्या सरकारने फितुरांच्या तळव्यांना बैलासारख्या पत्र्या ठोकल्या, म्हणून ते 'पत्रीसरकार', आणि त्याच धाकाने गावं भूमिगतांना पोसत होती. दोन्ही चूक.

मूळ नाव प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांच्या राजवटीला समांतर असं लोकांचं सरकार. शिक्षा होती तळव्यांवर काठीने मारण्याची. माणसाला नीट चालता येत नसे, म्हणून लोक त्याला 'पत्री मारली' म्हणू लागले. कठोरच होती ती, लपवायचं कारण नाही. पण नुसत्या मारावर 1943 ते 1946 एवढा काळ गावं गप्प राहिली असती? एक खबऱ्या पुरेसा होता.

गावांना धरून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टींनी. गावच्या न्यायदान मंडळात तंटा कोर्टाच्या खेपांशिवाय मिटे. सावकार आणि दरोडेखोरांना चाप बसला. कमी खर्चात गांधी-लग्नं लागली. तुफान सेनेतली, म्हणजे प्रतिसरकारच्या लढाऊ दलातली पोरं याच शिवारातली, भावकीतली; त्यांची भाकरी मळ्यातल्या वस्तीवर बायाच थापत. पैशासाठी 1944 मध्ये थेट धुळ्याहून निघालेला सरकारी खजिना वाटेत लुटला. त्या बायांना भेदरलेल्या म्हणणं मला फार लागतं. पोलीस दारात असताना त्या गप्प राहिल्या, कारण आत लपलेला त्यांचाच होता.