गिनेसचे गोडबोले : एका भूमिकेमागची पार्श्वभूमी

इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टरच्या १९२४ सालच्या 'अ पॅसेज टू इंडिया' या कादंबरीतले प्राध्यापक नारायण गोडबोले हे दख्खनी ब्राह्मण. मराठी माणसाला ते आडनावावरूनच कळतं. १९८४ साली दिग्दर्शक डेव्हिड लीननं ती पडद्यावर आणली तेव्हा हे गोडबोले साकारले ब्रिटिश नट अलेक गिनेसनं, तोंडाला तपकिरी रंग फासून. या निवडीचा विषय निघाला की दोन ठरलेली उत्तरं ऐकू येतात. एक, गोऱ्यांना दुसरं काय सुचणार? दोन, तो काळच तसा होता. गिनेसची आधीची पन्नास वर्षं पाहिली की ही दोन्ही उत्तरं तोकडी पडतात.

गिनेसचा जन्म १९१४ चा, लंडनचा. जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाची जागा कोरी. सुरुवातीला जाहिरात कंपनीत मजकूर लिहिण्याची नोकरी, मग नाट्यशिक्षण, आणि १९३४ साली 'हॅम्लेट'मध्ये ऑस्रिकची छोटी भूमिका. पुढे जुन्या नाटकांच्या मंडळींत तो घडला. शेक्सपियरचे राजेही केले आणि विदूषकही. महायुद्धात आरमारात गेला, परतला आणि सिनेमात शिरला.

इथं एका शब्दाचा गुंता सोडवायला हवा. इंग्रजीतल्या 'कॅरेक्टर ॲक्टर'ला आपण 'चरित्र अभिनेता' म्हणून मोकळे झालो. मराठीत चरित्र म्हणजे कुणाची तरी जीवनकथा, त्यामुळे हा शब्द चरित्रपटाच्या शेजारी जाऊन बसतो. वापरात मात्र तो नायकाचे वडील, काका, वकील किंवा डॉक्टर करणाऱ्या वयस्क नटांसाठी रुळला. ब्रिटिश रंगभूमीवर त्याचा रोख निराळा होता. स्वतःचा चेहरा घरी ठेवून दर वेळी वेगळाच माणूस उभा करतो, तो हा नट. मग भूमिका नायकाची असो की चार वाक्यांची. आपल्याकडचा 'बहुरूपी' हा शब्द याच्या कितीतरी जवळ जातो. गिनेस पक्का बहुरूपी होता.

१९४९ च्या एका विनोदी चित्रपटात त्यानं एकाच खानदानातल्या आठ जणांची कामं केली, त्यात एक बाईही. क्वाय नदीवरच्या पुलाच्या चित्रपटानं त्याला १९५७ सालचं ऑस्कर मिळवून दिलं. त्यात पत्र्याच्या तापलेल्या कोठडीतून बाहेर आलेला कर्नल ताठ मानेनं चालू पाहतो आणि त्याचे पाय मात्र ऐकत नाहीत. ती चाल गिनेसनं आपल्या मुलाकडून घेतली होती. मुलगा पोलिओतून सावरत असताना घरात कसा पाऊल टाकायचा, ते बापानं पाहून ठेवलं होतं. इतक्या जवळचं दुःख इतक्या निमूटपणे कामाला लावणारा नट मला तरी दुसरा आठवत नाही.

पण बहुरूप्याच्या याच कसबाची दुसरी बाजूही सुरुवातीपासून दिसत होती. १९४८ च्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये त्यानं फॅगिन केला, म्हणजे डिकन्सच्या कादंबरीतला पोरांना चोऱ्या शिकवणारा म्हातारा ज्यू, जुन्या पुस्तकातल्या चित्रांबरहुकूम लांबलचक नाक लावून. दिग्दर्शक लीन आधी त्याला ही भूमिका द्यायला तयार नव्हता. गिनेस सोंग चढवून चाचणीला उभा राहिला आणि भूमिका घेऊन गेला. छळछावण्यांची दारं उघडून तेव्हा तीन वर्षंच झाली होती. बर्लिनमध्ये १९४९ साली ज्यू लोकांनी त्या चित्रपटाविरुद्ध निदर्शनं केली. अमेरिकेत तो १९५१ पर्यंत अडकून पडला आणि पुढे कात्री लावूनच दाखवला गेला. नंतर दशकभरात गिनेस एका चित्रपटात जपानी व्यापारी झाला, १९६२ मध्ये अरबांचा राजपुत्र फैसल झाला. फैसलचं तर कौतुकच झालं. म्हणजे गोडबोले अचानक उपटले नाहीत. फॅगिन आणि फैसल यांच्या मागोमाग ते त्याच रांगेत येऊन उभे राहिले. दिग्दर्शकही तोच, लीन, होता आणि दोघांचा हा एकत्र सहावा चित्रपट होता.

आता मूळ गोडबोले. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवास संस्थानाच्या थोरल्या पातीच्या पवार महाराजांचा खासगी चिटणीस होता. घराणं मराठ्यांचं. तिथली गोकुळाष्टमी त्यानं जवळून पाहिली आणि कादंबरीच्या शेवटच्या भागात उतरवली. तिथं गोडबोले सहा सहकाऱ्यांना घेऊन देवापुढे उभे आहेत. झांजा वाजताहेत, पेटीचा सूर लागलाय, आणि तुकारामाचा नामघोष चाललाय, तूच बाप, तूच आई म्हणून. 'तुकाराम तुकाराम, नाम घेता कापे यम' ज्याच्या कानावरून गेलंय, त्याला त्या इंग्रजी ओळी वाचताना क्षणभर आपल्याच गावच्या देवळात उभं राहिल्यासारखं होतं. आधी चहापानाच्या प्रसंगात हेच गोडबोले कृष्णाला आळवणारं गाणं म्हणतात, तेव्हा तळ्यात शिंगाडे काढणारा माणूस ते ऐकून पाण्याबाहेर येतो. गोऱ्या पाहुण्यांना त्यातलं काही उमगत नाही, त्याला उमगतं. या माणसाच्या भक्तीला भाषा आहे, प्रांत आहे, ताल आहे.

पडद्यावर हे सगळं पातळ झालं. शेवटचा भाग काश्मीरच्या डोंगरांत हलला. देवासच्या अष्टमीला तिथं जागाच उरली नाही. गिनेसनं एका नृत्याची तयारी केली होती, तेही संकलनात गेलं. उरले ते मोजके प्रसंग आणि एक गूढ, किंचित गमतीदार म्हातारा. माझा राग रंगाच्या थरापेक्षा यावर जास्त आहे. चाल, आवाज, बसण्याची ढब घोटणारा गिनेस इथं 'भारतीय' साकारत राहिला आणि मराठी माणूस निसटला. फॅगिनच्या वेळी त्याच्या हाताशी निदान जुनी चित्रं तरी होती.

आणि माणूस मिळत नव्हता, असंही नाही. दोनच वर्षांपूर्वी, १९८२ च्या 'गांधी'त, गोपाळ कृष्ण गोखल्यांची भूमिका डॉ. श्रीराम लागूंनी केली होती आणि कस्तुरबांची रोहिणी हट्टंगडींनी. तोही ब्रिटिश दिग्दर्शकाचाच चित्रपट. गोखल्यांना लागू चालतात, तर गोडबोल्यांना मराठी नट का चालू नये? या चित्रपटातही अझीझ, हमीदुल्ला आणि अमृतराव या भारतीय पात्रांची कामं भारतीय वंशाच्या नटांनीच केली. अपवाद फक्त गोडबोल्यांचा. कारण जुन्या जोडीतल्या नटासाठी जागा काढायची होती, असंच मला दिसतं.

ही निवड आणखी खटकते ती आधीच्या पाच वर्षांमुळे. १९७९ साली ब्रिटिश टीव्हीवरच्या एका मालिकेत गिनेस स्मायली झाला होता. स्मायली म्हणजे निवृत्तीतून परत बोलावलेला गुप्तहेर. नकली नाक नाही, रंग नाही, फक्त जाड चष्मा आणि ऐकून घेणारा चेहरा. तयारीसाठी त्यानं हेरखात्याच्या एका माजी प्रमुखाबरोबर जेवण घेतलं आणि त्या माणसाच्या लकबी टिपल्या. १९८२ च्या दुसऱ्या मालिकेत तर तो नुसता गप्प बसला तरी आपली नजर त्याच्यावरून हटत नाही. सोंगाविना काय साधतं, ते त्यानं पासष्टीत दाखवून दिलं होतं. गोडबोल्यांच्या वेळी सत्तरीत तो पुन्हा रंगपेटीकडे वळला.

'अ पॅसेज टू इंडिया' हा लीनचा शेवटचा चित्रपट ठरला. गिनेस पुढेही काम करत राहिला, १९८७ च्या एका डिकन्स-चित्रपटासाठी त्याला पुन्हा ऑस्करचं नामांकन मिळालं. २००० साली तो गेला. गोडबोल्यांचं एक दृश्य मात्र मी अजूनही थांबून पाहतो. रात्रीचं स्टेशन, वृद्ध इंग्रज पाहुणी मिसेस मूरची गाडी सुटलेली, आणि फलाटावर एकटेच गोडबोले, हात जोडून. तिथं तोंडी एकही शब्द नाही. गिनेस तिथं जाणाऱ्या माणसाला निरोप देतोय, आणि तो निरोप खरा वाटतो.