वेबपत्त्यांची रचना

संकेतस्थळावरच्या प्रत्येक पानाला कोणता पत्ता द्यायचा, याची आधीच ठरवून ठेवलेली पद्धत म्हणजे वेबपत्त्यांची रचना. डोमेननाव (संकेतस्थळाचे मुख्य नाव), सबडोमेन (त्याच्याआधी जोडलेले उपनाव), फोल्डरांची उतरंड, पानाचे नाव (म्हणजेच स्लग) आणि प्रश्नचिन्हानंतर येणारी जोड, या सगळ्यांचा तीत विचार होतो. व्यवसायाचे नवे संकेतस्थळ उभे राहताना रंग आणि छायाचित्रांवर आठवडे खर्ची पडतात, पत्ते मात्र सॉफ्टवेअर देईल ते घेतले जातात. वास्तविक रंग एका दुपारीत बदलता येतो. पत्ता एकदा बाहेर पडला की ग्राहकांच्या बुकमार्कमध्ये, जुन्या ईमेलमध्ये, छापील पत्रकांवर आणि सर्च इंजिनांच्या नोंदींत जाऊन बसतो. तिथून तो परत बोलावता येत नाही.

पत्ता दोन दिशांनी वाचावा लागतो. ‘मदत.नमुना.कॉम/खुर्च्या/घडीची-खुर्ची’ असा पत्ता घेतला तर डोमेनचा भाग उजवीकडून डावीकडे उतरतो: सर्वांत वर ‘कॉम’, त्याखाली ‘नमुना’, त्याखाली ‘मदत’. पहिल्या एकेरी स्लॅशनंतर दिशा उलटते आणि मोठ्याकडून लहानाकडे जाणारा मार्ग डावीकडून उजवीकडे लागतो. डोमेनची उतरंड पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडलेल्या डोमेननाव प्रणालीतून आली. वेबपत्त्याचे व्याकरण वेबचे जनक टिम बर्नर्स-ली आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटचे नियम नोंदवणाऱ्या आरएफसी मालिकेतल्या १९९४ च्या आरएफसी १७३८ या दस्तऐवजात नोंदवले. पुढे २००५ मध्ये आलेला आरएफसी ३९८६ पायाभूत मानला जातो. पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपी:’ नंतर येणाऱ्या दोन तिरप्या रेघांची खरे तर गरज नव्हती, असे बर्नर्स-ली यांनी स्वतःच २००९ मध्ये मान्य केले.

या दोन भागांचे नियम सारखे नाहीत. रोमन लिपीतल्या डोमेननावात लहान-मोठी अक्षरे एकच मानली जातात. मार्गात मात्र अनेक सर्व्हर ती वेगळी धरतात. म्हणून मार्गात सगळीकडे लहान अक्षरेच वापरावीत. शब्द जोडायला हायफन घ्यावा, अंडरस्कोर नको. गूगलचीही तशीच शिफारस आहे, शिवाय लिंकखाली रेघ आली की अंडरस्कोर तिच्यात गडप होतो.

पहिला निर्णय मुख्य पत्त्याचा. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आणि न लावून, साधे एचटीटीपी आणि माहिती सांकेतिक करून पाठवणारे एचटीटीपीएस, असे एकाच पहिल्या पानाचे चार पत्ते होतात. त्यांतला एक कायमचा निवडून उरलेले तीन त्याच्याकडे वळवावे लागतात. एचटीटीपीएसबद्दल आता वाद उरलेला नाही: त्यासाठी लागणारी, लेट्स एन्क्रिप्ट या सेवेची मोफत प्रमाणपत्रे २०१५ च्या अखेरीपासून सर्वांना मिळू लागली आणि जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर साध्या एचटीटीपी पानांना ‘असुरक्षित’ म्हणू लागला. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू ठेवण्यामागचे कारण तांत्रिक आहे. उघड्या, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेल्या डोमेनवर सीनेम प्रकारची (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी) नोंद ठेवता येत नाही, त्यामुळे होस्टिंग कंपनीने बोट दाखवायला एखादे नाव दिले तर अडचण होते. काही सेवा त्यावर आपापली युक्ती पुरवतात. तशी युक्ती हाताशी असेल तर दोन्हींपैकी काहीही चालते.

सबडोमेन घ्यावे की फोल्डर, हा यातला सर्वांत जुना वाद. ‘लेख.नमुना.कॉम’ आणि ‘नमुना.कॉम/लेख’ वाचणाऱ्याला सारखेच वाटतात, पण ब्राउझरच्या दृष्टीने ती दोन वेगळी घरे आहेत. सुरक्षेचे नियम, साठवलेली माहिती, बऱ्याचदा सर्व्हर आणि देखभाल करणारी माणसेही वेगळी. शोधात दोन्ही चालतात, असे गूगल सांगते; तरीही छोट्या आणि मध्यम व्यवसायाने फोल्डरच घ्यावा. सांभाळायला एकच जागा राहते आणि एका भागाने मिळवलेली ओळख दुसऱ्यालाही उपयोगी पडते. ग्राहकांच्या लॉगिनचे स्वतंत्र अ‍ॅप, बाहेरच्या कंपनीकडून घेतलेली तक्रारसेवा किंवा लोकांनी चढवलेल्या फाइली असतील तर मात्र सबडोमेनची भिंत हवीच. भिंतीवर भिंत नको: सगळ्या सबडोमेनांसाठी एकत्र घेतलेले वाइल्डकार्ड प्रमाणपत्र एकच पातळी झाकते, ‘नवे.मदत.नमुना.कॉम’ त्याच्या बाहेर राहते.

अनेक भाषांसाठी देशनिहाय डोमेन, सबडोमेन आणि फोल्डर असे तिन्ही मार्ग खुले असतात. देशनिहाय डोमेन सर्वांत ठळक, पण प्रत्येकाची नोंदणी आणि नूतनीकरण वेगळे. काहीही निवडले तरी प्रत्येक भाषेच्या पानाला स्वतःचा पत्ता मिळायलाच हवा. एकाच पत्त्यावर पाहणाऱ्यानुसार भाषा बदलली, तर मराठी वाचकाने पाठवलेली लिंक दुसऱ्याकडे भलत्याच भाषेत उघडते.

खरी कसोटी लागते ती पत्त्यात काय घालू नये, हे ठरवताना. बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये लिहिलेल्या टिपणात हाच मुद्दा मांडला होता: लेखकाचे नाव, ‘ताजे’, ‘मसुदा’ असली स्थिती, फाइलचा प्रकार, सॉफ्टवेअरची खूण, यांतले काहीही पत्त्यात नको, कारण पान राहते आणि या गोष्टी बदलतात. त्यांनी विषयानुसार वर्गीकरणालाही धोक्याचे म्हटले आहे, आणि व्यवसायांची चूक नेमकी तिथेच होते. समजा घडीची खुर्ची ‘नमुना.कॉम/कार्यालय/खुर्च्या/घडीची-खुर्ची’ या पत्त्यावर आहे. वर्षभराने ती घरगुती सामानात जास्त खपते असे दिसते आणि कोणीतरी तिला ‘घर’ विभागात हलवते. खुर्ची तीच, छायाचित्र तेच, पण पत्ता मोडला. पुढे ती दोन्ही विभागांत दाखवायची ठरली की एकाच वस्तूचे दोन पत्ते तयार होतात. म्हणून विभागांच्या पानांना विभागाचा पत्ता द्यावा आणि वस्तूला विभागाबाहेरचा: ‘नमुना.कॉम/वस्तू/घडीची-खुर्ची’. वस्तूचे नावही बदलण्यासारखे असेल तर सोबत क्रमांक ठेवावा. अ‍ॅमेझॉनच्या पत्त्यात दहा अक्षरांचा संकेत असतो आणि पान त्यावरून ठरते. आजूबाजूचे नाव माणसाला वाचण्यापुरते. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तर-स्थळावरच्या प्रश्नांनाही असाच क्रमांक असतो.

मराठी संकेतस्थळांपुढे आणखी एक प्रश्न येतो तो लिपीचा. मार्गात देवनागरी चालते, ब्राउझर ती नीट दाखवतातही. पण पाठवताना तिचे रूपांतर टक्केवारीच्या खुणांत होते. युनिकोडमधल्या देवनागरी अक्षराला यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत तीन बाइट लागतात आणि प्रत्येक बाइटच्या तीन खुणा होतात. नुसता ‘ख’ म्हणजे ‘%E0%A4%96’. ‘खुर्ची’ या शब्दात उकार, हलन्त, वेलांटी धरून सहा घटक आहेत, म्हणजे चोपन्न खुणा. पत्ता कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की बऱ्याचदा हीच लांबलचक माळ समोर येते आणि कोणता पत्ता आहे तेच कळत नाही. डोमेननावासाठी वेगळी सोय आहे: २००३ च्या प्यूनीकोड पद्धतीने देवनागरी नाव रोमन अक्षरांत बांधले जाते. आपल्या लिपीतला पत्ता वाचताना जो आपलेपणा वाटतो तो खरा आहे आणि तो जपावासा वाटणे योग्यच. तेव्हा स्लग दोन-तीन शब्दांचा ठेवावा. देवनागरी डोमेन घेतले तरी जोडीला रोमन नाव नोंदवून एकावरून दुसऱ्याकडे वळवावे.

प्रश्नचिन्हानंतरची जोड मुख्यतः गाळणीसाठी आणि क्रम लावण्यासाठी. पाच रंग, चार आकार आणि क्रम लावण्याच्या तीन तऱ्हा असतील तर एका यादीची साठ रूपे होतात. जोड कोणत्या क्रमाने आली हे पाळले नाही तर तीनशे साठ. अशा वेळी मूळ पान कोणते हे सांगणारी कॅनॉनिकल खूण गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २००९ मध्ये एकत्र स्वीकारली. ती सूचना आहे, आज्ञा नव्हे. जोडांचा क्रम मुळातच पक्का ठेवणे जास्त भरवशाचे.

जुने संकेतस्थळ असेल तर त्याच्या सगळ्या पत्त्यांची यादी नवी रचना लागू होण्याआधीच काढावी. प्रत्येक जुना पत्ता त्याच्या नेमक्या नव्या पानाकडे ‘पान कायमचे हलले’ असे सांगणाऱ्या सर्व्हरच्या ३०१ या संकेताने वळवावा. सगळे काही पहिल्या पानावर ढकलणे म्हणजे खुर्ची शोधत आलेल्याला दारातच सोडून देणे. सर्च इंजिनेही असे वळण बहुधा ‘पान सापडले नाही’ म्हणूनच धरतात. जे पान कायमचे गेले त्याला ४१० हा संकेत द्यावा. दुसऱ्यांदा रचना बदलली तर पहिली वळणेही थेट शेवटच्या पत्त्याकडे लावून घ्यावीत, नाहीतर एका वळणावरून दुसरे अशी साखळी तयार होते. गूगलचा शोधक साधारण दहा वळणांपर्यंतच मागे येतो. वळणे किमान एक वर्ष ठेवावीत, असे गूगल सुचवते. छापील पत्रके त्याहून जास्त टिकतात. डोमेनच बदलले असेल तर जुन्या नावाचे नूतनीकरण चालू ठेवावे. मुदत संपलेले नाव कोणीही विकत घेऊ शकते, आणि मग त्या जुन्या पत्रकांवरून ग्राहक त्याच्या दारात पोहोचतात.