पंचावन्न पानांची पंगत

"गोष्ट सांगणारा पहिला गेम म्हणजे डाँकी काँग. त्याच्या आधी नुसत्या गोळ्या झाडायच्या बे," मामेभाऊ म्हणाला. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याचा चादरीचा कारखाना आहे. दुपारी माग थांबले आणि चहा आला की आमचा हा वाद निघतोच: व्हिडिओ गेममधल्या मोठ्या कल्पना आधी कुणी आणल्या?

माझा कौल १९७८च्या स्पेस इन्व्हेडर्सला. जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी तो तैतो कंपनीसाठी बनवला. ११ जणांच्या ५ रांगा, म्हणजे ५५ परग्रहवासी, डावीउजवीकडे सरकत खाली उतरतात. मारत जाल तसे उरलेले जोरात पळू लागतात, आणि शेवटच्या एकाला टिपताना तळहाताला घाम फुटतो. हा वाढता वेग निशिकादोंनी आधी ठरवलेला नव्हता. तो यंत्राच्या मर्यादेतून आला.

कसा, ते कळायला महाप्रसादाची पंगत डोळ्यांसमोर आणा. पानं ५५ आणि वाढपी एकटाच. तुमच्या पानात भाकरी पडली की सगळी रांग फिरून येईपर्यंत दुसरी मिळत नाही. पण माणसं उठत गेली तर तोच वाढपी, त्याच चालीनं, तुमच्याकडे लवकर लवकर येऊ लागतो. स्पेस इन्व्हेडर्सच्या यंत्रातला इंटेल ८०८० प्रोसेसर हा असा एकटा वाढपी होता. पडदा सेकंदाला ६० वेळा नवा व्हायचा आणि दर खेपेला एकच प्राणी पाऊल टाकायचा. ५५ जण असताना प्रत्येकाची पाळी साधारण सेकंदानं येई. दहा उरले की सेकंदात सहा वेळा. एकच उरला की साठही वेळा त्याचीच पाळी! निशिकादोंच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी ते तसंच राहू दिलं. माझ्या लेखी खरा शोध लागला तो इथे.

"पाँगमध्येही चेंडू जोर धरायचा की," भाऊ म्हणतो. बरोबर आहे. १९७२च्या पाँगमध्ये, म्हणजे त्या टेबल टेनिससारख्या गेममध्ये, चेंडू जितका वेळ खेळता राहील तितका वेग घेई. निशिकादोंना स्फूर्ती मिळाली ती अटारी कंपनीच्या ब्रेकआउट या गेममधून, आणि तिथेही वेग वाढतोच. पण तुमचं यशच समोरच्या फौजेला धारदार करतं, ही गोष्ट स्पेस इन्व्हेडर्समध्ये जशी अंगावर येते तशी पाँगमध्ये येत नाही.

गोष्टीच्या बाबतीत मात्र मी सहज हार मानणार नाही. डाँकी काँग आला १९८१ मध्ये. माकडानं पळवलेली मुलगी आणि तिच्यासाठी शिड्या चढणारा सुतार; शिगेरू मियामोतो यांनी ही गोष्ट चित्रांतून मांडली, हे मान्य. पण त्याच्या एक वर्ष आधी, चक्रव्यूहात भुतं चुकवत ठिपके खायच्या पॅकमॅनमध्ये फेऱ्यांच्या मधे छोटे प्रवेश होते. भूत पॅकमॅनच्या मागे लागतं आणि परत येतं ते स्वतःच जीव घेऊन पळत, मागे अगडबंब पॅकमॅन. शिवाय तिथली चार भुतं चार स्वभावांची. लाल थेट पाठलाग करतं, गुलाबी तुमच्या चार घरं पुढे नेम धरतं, आणि नारिंगी जवळ आलं की माघार घेतं. दोन-तीन ओळींच्या नियमांतून स्वभाव उभा राहतो, हे मला आजही थक्क करतं.

आणि त्याही आधी, विल क्राउदर या गुहा धुंडाळणाऱ्या अमेरिकी प्रोग्रामरनं केंटकीतल्या खऱ्या गुहांवरून कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर लिहिला. १९७७ मध्ये डॉन वुड्सनं त्यात भर घातली. त्यात एकही चित्र नाही. यंत्र वाक्यांतून सांगतं की तुम्ही कुठे उभे आहात, आणि तुम्ही एक-दोन शब्द टाइप करून पुढची वाट धरता. गोष्टीतला "तो" जाऊन "तुम्ही" आलात ते इथे. यावर भाऊ गप्प बसला.

मग त्यानं बुट्टीची नक्षी काढायचा आलेखाचा कागद पुढे ओढला. जॅकार्ड मागाचं गणित त्याच्या हाताखालचंच: पुठ्ठ्याला भोक असेल तर दोरा वर, नसेल तर खाली. मी त्याला स्पेस इन्व्हेडर्समधला खेकड्यासारखा परग्रहवासी सांगत गेलो, ११ चौकोन रुंद, ८ चौकोन उंच. त्यानं पेन्सिलनं चौकोन भरले, कागद लांब धरून पाहिला आणि म्हणाला, "काठाला बसतंय की रे हे."

पुठ्ठे पाडायला दिले आहेत.